नुसता सूर

मार्च लागला की आमच्या शाळेतले पंखे ऐकू यायला लागतात. एरवी वर्गात इतका कालवा असतो की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण बोर्डाच्या पेपरला घंटा होते, प्रश्नपत्रिका वाटून होतात, मुली माना खाली घालतात आणि मग डोक्यावरचा पंखा एकाच पट्टीत घुमत राहतो. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. पर्यवेक्षण म्हणजे तीन तास काहीही न करता जागं राहायचं. बाहेर ऊन असं पडलेलं असतं की मैदानावरची माती पांढरी दिसते. खिडकीशेजारचा निंब मोहोरलेला असतो आणि त्याचा कडसर-गोड वास झळांबरोबर आत येतो. मी भिंतीला टेकून पंखा ऐकत उभी राहते. थोड्या वेळानं ध्यानात येतं की आपण तोंड मिटून काहीतरी गुणगुणतो आहोत. पहिल्या बाकावरची मुलगी मान वर करून बघते, बाईंना झालं काय म्हणून. मग मी खोकल्याचं सोंग करते.

ती चाल आमच्या गावच्या देवळातली. रोज सकाळी सनईवर वाजायची. पाळण्यात असल्यापासून ऐकलेली, तरी इतकी वर्षं मला ती पुरी येत नव्हती. ती हळूहळू वर चढत जाते, वर एका जागी जराशी थबकते, आणि तिथून पुढं सगळं कोरं. मी पुन्हा पहिल्यापासून धरते आणि पुन्हा तिथंच येऊन अडते. माझं जाऊ द्या, आमच्या गावात कुणालाही विचारा, सगळे त्याच जागी अडत आलेत. त्याचं कारण माझ्या दहावीच्या वर्षात आहे. त्यामुळं परीक्षा आल्या की मला पेपर आठवत नाहीत, नागप्पामामा आठवतात.

आमचं गाव अक्कलकोटच्या वाटेवर. तिथली निम्मी माणसं घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. देवळाच्या मोठ्या दरवाजावर नगारखाना आहे. खालून पाहिलं तर नुसती एक दगडी जाळी दिसते. त्या जाळीच्या आड बसून दोघं भाऊ सनई वाजवायचे, थोरले बसप्पामामा आणि धाकटे नागप्पामामा. आमच्यात आई ती अव्वा, वडील ते अप्पा, आणि देवळात वाजवणारा, गाणारा जो कोण असेल तो सगळ्या गावाचा मामा.

सनईला जोडी लागते, हे आता लग्नात कॅसेट आणि त्यानंतर मोबाईल आल्यापासून लोक विसरलेत. एकजण गाणं वाजवतो. दुसरा त्याच्यामागं एकच सूर धरून बसतो. गाणं सुरू होण्याआधी सूर सुरू होतो आणि गाणं संपल्यावर सगळ्यात शेवटी थांबतो. मधे तो तुटता कामा नये. सुराच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, त्यामुळं तिच्यातून दुसरं काही निघूच शकत नाही. बसप्पामामा गाणं वाजवायचे. नागप्पामामांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून तो एक सूर धरला होता.

बसप्पामामांच्या मिशा, त्यांचा पिवळा पटका, पान खाऊन लाल झालेलं हसू, सगळं गावाच्या ओळखीचं. लग्नात वऱ्हाडी त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. नागप्पामामा मांडवाच्या खांबाआड बसलेले असायचे. पाहुण्यांपैकी कुणाला विचारलं तर सनईवाला एकटाच होता म्हणून शपथ घेतली असती. पंगतीत बसप्पामामांना पाट मिळायचा आणि पानावर बसता बसता ते हटकून विचारायचे, “माजा सूर जेवला का?” मग कुणीतरी खांबाआड ताट नेऊन द्यायचं. नागप्पामामा घुमे नव्हते, रागीटही नव्हते. त्यांना माणसांत करमायचं नाही, इतकंच. पहाटे उजाडायच्या आत ते मागच्या जिन्यानं वर जायचे आणि ऊन चढल्यावर मागच्या जिन्यानंच उतरून शेताकडं निघून जायचे. त्यांचं लग्न झालं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरीच ते राहायचे, आणि वहिनी, म्हणजे शांतव्वा, त्यांच्या भाकरीचं बघायची.

मी दहावीत असताना माघात ते घडलं. सकाळची सनई चालू होती. अव्वा चुलीपुढं होती, मी दात घासत होते. चाल वर चढली, वरच्या जागी थबकली आणि पुढं आलीच नाही. नुसता सूर ऐकू येत राहिला. अव्वानं थापती भाकरी हातात धरूनच दाराबाहेर पाहिलं. मग देवळाकडून ओरडा झाला. बसप्पामामा वाजवता वाजवता छाती धरून आडवे झाले होते. पुजाऱ्यांनी आणि दोघातिघांनी त्यांना उचलून जिन्यावरून खाली आणलं, जीपमध्ये घातलं, सोलापूरला न्यायला निघाले. आणि वर सूर चालूच. कुणीतरी खालून ओरडलं, “अरे नागप्पा, खाली ये की, तुजा भाऊ चाललाय,” तेव्हा तो थांबला. थांबला कसला, तुटला. मला तो तुटलेला आवाज आजही ऐकू येतो. बसप्पामामा वाटेतच गेले.

आमच्यात आणि त्यांच्यातही माणूस गेला की त्याला झोपवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात फुलं घालतात आणि तसाच बसलेला मिरवत नेतात. त्या दिवशी बसप्पामामांना घराच्या ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. भजन चाललं होतं. नागप्पामामा त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. लोक येत होते, पाया पडत होते, नागप्पामामांना जरा सरक म्हणत होते. ते सरकले नाहीत. सगळ्यांना वाटलं, दुःखानं बधिर झालाय. तसं वाटण्यात काही चूक नव्हती.

कार्य उरकलं आणि एके दिवशी पहाटे नगारखान्यातून सूर आला. गाणं नाही, नुसता सूर. गाव उठून बसलं. आधी वाटलं, गाणं मागून येईल. आलं नाही. ऊन जाळीवर येईपर्यंत तो सूर तसाच वाहत राहिला आणि मग हळूच विरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोकांना पहिल्यांदा वाईट वाटलं, मग नवल वाटलं, मग कंटाळा आला. चावडीवर म्हणायला लागले, ह्यो काय देवाला झोपवतोय का उठवतोय? कुणी म्हणालं, चाळीस वर्षं मागं बसला, पण गाण्याचं एक अक्षर शिकला नाही. बायका मात्र वेगळं सांगायच्या. अव्वा म्हणायची की तो सूर कानावर पडला की ती चाल आपोआप तोंडात येते, भाकरी थापताना हात त्या चालीवर पडतो. पण वरच्या जागेपर्यंतच. तिथं बसप्पामामा थांबले होते, तिथं तीही थांबायची. पाण्याला जमलेल्या सगळ्या बायकांचं तेच.

आता तो मार्च सांगते. अप्पांची धान्याची अडत होती आणि सुगीचे दिवस होते. ज्वारीची पोती अंगणात, ओसरीवर, शेवटी माझ्या अभ्यासाच्या जागेवर येऊन बसली. दिवसभर हमालांचा गलका, नाकात पोत्याचा धुरळा. मी वह्या उचलल्या आणि नगारखान्याचा मागचा जिना गाठला. दगडी जिना भर दुपारीही गार असायचा. वरच्या पायरीवर बसलं की एका बाजूला देवळाचं शिखर, दुसऱ्या बाजूला पार ओढ्यापर्यंतची शेतं. काढणी झालेली, फडात धसकटं उरलेली, मधे मधे कडब्याच्या गंजी. दूरवर कुठंतरी मेंढरं बसवलेली असायची. दुपारच्या उन्हात ती नेमकी हलताहेत की आपल्या डोळ्यांना झापड येतेय ते कळायचं नाही. खाली चिंचेखाली पोरं चिंचा पाडत असायची आणि त्यांचा आवाज वर येईपर्यंत निम्मा झालेला असायचा. त्या पायरीवर मी भूमिती पाठ केली आणि ती सगळी विसरले. गार दगडाचा तळव्यांना होणारा स्पर्श तेवढा राहिला.

सकाळीही मी जायला लागले. नागप्पामामा आत जाळीपाशी पाठ करून बसलेले असायचे. मी आलेलं त्यांना कळायचं, पण त्यांनी कधी हाकललं नाही. त्यांच्या गालांत दोन्हीकडं वारा भरलेला असायचा, मान जराही हलायची नाही. त्या सुरात बसून वाचताना वेळ जातोय असं वाटायचंच नाही. मी एक पान वाचायचे आणि पाहायचे तर ऊन भिंतीवरून खाली सरकलेलं असायचं. कधी कधी मला डुलकी लागायची आणि त्या डुलकीत बसप्पामामांची चाल पुरी ऐकू यायची, वर जाऊन खाली उतरलेली. जागी झाले की विसरलेली असायची. मी तसंच पुन्हा झोपायचा प्रयत्न करायचे. 

मला परीक्षेची भीती वाटायची ती छातीत वाटायची. पेपर हातात आला की श्वास वरच्या वर अडकायचा आणि डोळ्यांपुढची अक्षरं पळायची. पूर्वपरीक्षेत गणिताला तसंच झालं होतं आणि मी कोरा कागद देऊन घरी आले होते. एका सकाळी पाठ म्हणता म्हणता मला तसंच झालं आणि मी रडायला लागले. नागप्पामामांचा सूर संपला होता. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. उठले, कोपऱ्यातल्या कळशीतून तांब्यात पाणी घेतलं आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ त्या पाण्यात धरून फुंकायला लागले. बुडबुडे येत राहिले, येतच राहिले. ते नाकानं श्वास घेत होते आणि गालातली हवा सोडत होते, बुडबुड्यांची माळ कुठं तुटत नव्हती. मग देठ माझ्या हातात दिला. म्हणाले, “गालात थोडं राखून ठिवायचं. सगळंच्या सगळं कदी सोडायचं न्हाय.” माझी माळ लगेच तुटली. मला हसू आलं. त्या आठवड्यात घरातले सगळे तांबे मी बुडबुड्यांनी भरले, अव्वा वैतागली, पण श्वास मात्र अडकायचा थांबला.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलायला लागले. बोलणं म्हणजे आठवड्यातून दोन वाक्यं. गावात जे बोललं जायचं ते माझ्या मनात होतंच, म्हणून मी एकदा विचारलं की मामा, तुम्हाला गाणं येत नाही का? ते मेण बोटात मळत बसले. मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. गाणं त्यांना सगळं येत होतं. पण ते थोरल्याचं होतं. आणि दोघांत एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. गाणं संपलं की वाजवणाऱ्यानं सूरवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. तो हात पडल्याशिवाय सूर सोडायचा नाही. कारण वाजवणारा वर गेलेला असतो, त्याला उतरायला खाली काहीतरी पाहिजे. इतक्या वर्षांत एक सकाळ अशी गेली नव्हती की गुडघ्यावर हात पडला नाही. त्या दिवशी पडला नाही.

“त्यो वरच ऱ्हायलाय,” ते म्हणाले. “मी रोज धरतो. दम सरला की सोडतो बी. पर सुटत न्हाय.”

मला तेव्हा पंधरावं सरून सोळावं लागलं होतं.  ओसरीवर गुडघ्याला गुडघा लावून ते कशाची वाट बघत होते ते मला त्या क्षणी कळलं. मी घरी जाऊन जेवताना सगळं सांगून टाकलं. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा देवळाच्या पंचांपैकी होते आणि मनानं फार चांगले, पण त्यांना प्रत्येक दुखण्यावर एक सरळ इलाज दिसायचा. ते म्हणाले, हात पाहिजे ना? मग सनईवाला आणू की. त्यात काय अवघड आहे?

आणि खरंच त्यांनी कानडी मुलखातून एक सनईवाला आणवला. तरणाबांड होता, केसाला तेल, गळ्यात रुमाल. गाव जमलं. वर नागप्पामामांनी सूर धरला आणि त्या पाहुण्यानं झकास वाजवलं, आधी एक भजन आणि मग लोकांनी आग्रह केला म्हणून सिनेमातलं गाणं. मी जिन्यावरून बघत होते. माझं लक्ष त्याच्या हाताकडं होतं. गाणं संपलं. त्याच्या गावची रीत वेगळी होती. त्यानं सनई खाली ठेवली, सूरवाल्याकडं बघून झोकात मान हलवली आणि घाम पुसत उठला. नागप्पामामा सूर धरून बसले ते बसलेच. खाली लोक हसायला लागले. पाहुणा गोंधळून परत बसला आणि परत मान हलवली. शेवटी दम संपला तेव्हा सूर थांबला. पाहुण्यानं खाली आल्यावर अप्पांना सांगितलं की तुमचा सूरवाला चांगला आहे, पण थोडा हललेला दिसतो. हात ठेवायचं सांगायला अप्पा साफ विसरले होते. आठवलं असतं तरी मला वाटतं काही झालं नसतं. ती चालच ती नव्हती.

शांतव्वाकडं अव्वा गेली होती, मीही सोबत होते. अव्वा म्हणाली, तुला तर ती चाल येत असणार, रात्रंदिवस घरात घोकलेली ऐकलीस. शांतव्वा ज्वारी पाखडत होती. सुपाचा हात थांबला नाही. तिनं सांगितलं की येते, पुरी येते, धनी तोंडानं म्हणायचे आणि मी चुलीपुढनं चुकलेलं सांगायची. पण नगारखान्यात वाजवायला बाई कधी चढलेली नव्हती, आणि हात वाजवणाऱ्यानं ठेवायचा असतो. “मी कोण हात लावणारी?” ती म्हणाली. “मी कवा वाजवलंय?”  आम्ही सुपातले खडे निवडून देऊन परत आलो.

मग मशीन आलं. विजेवर चालणारं, एका लोखंडी चौकटीत नगारा, झांजा आणि घंटा, बटण दाबलं की सगळं आपोआप. अशी मशीनं तेव्हा नवीन होती, आसपासच्या देवळांत एकेक करत येत होती. आमच्या पंचांनाही वाटलं की आपलं देऊळ मागं का राहावं. नागप्पामामांना कुणी जा म्हटलं नाही. उलट अप्पांनी स्वतः जाऊन सांगितलं की तू आपला बस, तुझं तू वाजव. पण पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा त्या दणक्यानं जाळीतली पारवी उडाली आणि सूर चालू आहे की नाही ते मला शेजारी बसूनही कळेना. नागप्पामामांचे गाल फुगलेले दिसत होते, एवढंच.

माझा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. केंद्र तालुक्याला होतं. एसटीतून उतरले तेव्हा उन्हं कलली होती, पोटात परीक्षा संपल्याचं ते हलकं हलकं वाटणं होतं. मी घरी न जाता तशीच जिना चढले. त्यांना सांगायचं होतं की एकाही पेपरला श्वास अडकला नाही. वर कुणी नव्हतं. कोपऱ्यात कळशी पालथी घातलेली होती. बसण्याचं घोंगडं नव्हतं. दुपारीच ते सनई पंच्यात गुंडाळून ओढ्यापलीकडं एकाच्या वस्तीवर राखणीला निघून गेले होते. मी त्या रिकाम्या जागेत बसून राहिले. मला फार रडू आलं, आणि परीक्षा संपली म्हणून रडते असं घरी सांगितलं.

त्यानंतर ते गावात आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. ज्वारी गेली, ओढ्यापलीकडं डाळिंबाच्या बागा आल्या, मालक बदलले, नागप्पामामा राखणीला तेच राहिले. शांतव्वाकडून भाकरी जायची. मी शिकायला सोलापूरला आले, इथंच नोकरी, लग्न, संसार. सुट्टीत गेले की त्यांच्याकडं जायचे. माझ्याकडं बघून ते गाल फुगवून दाखवायचे, तेवढीच आमची बातचीत. मी शाळेत मुलींना पपईचा देठ आणायला सांगते, त्या हसतात, पण त्यांच्यातल्या काहीजणी पेपरला बसल्या की गाल जरा फुगवतात. मला वरून दिसतं. पुढं पुढं लोककलेवर काम करणारी मंडळीही त्यांना शोधत यायला लागली, गळ्यात कॅमेरे अडकवून. जुन्या देवळातली सनई, शेवटचा वादक वगैरे. नागप्पामामा त्यांना हात जोडून सांगायचे की मला गाणं येत न्हाय. सूर तरी वाजवून दाखवा म्हटलं तर ते विचारायचे, गाणं कोण म्हणतंय? मंडळी आल्या पावली परत जायची. मशीनही पुढं बिघडलं. मोटर जळाली, दुरुस्त झाली, परत जळाली. आता ते गंजून पडलंय आणि आमच्या देवळात सकाळी काहीच वाजत नाही. गावाची चाल अर्धीच राहिली ती राहिली.

यंदा मार्चमध्ये, मराठीच्या पेपरनंतर मी उत्तरपत्रिका मोजून देत होते तेव्हा अव्वाचा फोन आला. नागप्पामामा पहाटे गेले होते. बागेत बाजेवर बसल्या बसल्याच. मी तशीच निघाले. अक्कलकोटच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना सुगी चालली होती, मळणी यंत्रांचा भुसा उन्हात उडत होता. गाडीच्या खिडकीतून तो डोळ्यांत जात होता, त्यामुळं डोळे पुसायला निमित्त होतं.

शांतव्वाच्या ओसरीवर त्यांना बसवलं होतं. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, कपाळाला विभूती, मांडीवर पंच्यात गुंडाळलेली ती मेणाची सनई. मी दारातच थांबले. नगारखान्यात ते असेच बसायचे. तिथं मी त्यांना पाठमोरं पाहिलं होतं, त्या बैठकीत समोरून असं पहिल्यांदाच पाहत होते. भजनकरी म्हणत होते, लोक पाया पडून मागं सरत होते. शांतव्वा आता पार वाकली आहे, ऐकायला कमी येतं, कुणीतरी धरून तिला त्यांच्या शेजारी बसवलं होतं. अव्वा तिच्यामागं होती. मीही जाऊन तिच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसले.

उचलायची वेळ झाली. भजनकऱ्यांचा म्होरक्या उठला तशी शांतव्वानं हात वर केला. सगळे थांबले. ती माझ्याकडं वळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “सूर धर.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी तोंड मिटलं आणि त्यांचा सूर धरला. तो मला शोधावा लागला नाही. अव्वानं धरला, तिच्या शेजारणीनं धरला. एकीचा दम सरला की दुसरी होती, ओसरीवरच्या सगळ्या बायका होत्या. गालात थोडं राखून ठेवायचं. आणि त्याच्यावर शांतव्वा गायला लागली. शब्द नव्हतेच, नुसते हं आणि हा, फाटलेला आवाज, पण चाल तीच. ती हळूहळू वर चढली. वर त्या जागी आली. थबकली. इतकी वर्षं आम्ही सगळे तिथंच उभे होतो.

आणि ती खाली उतरली. इतकं सोपं होतं ते. तीन-चार पायऱ्या, मग एक वळण, मग आमचा सूर होता तिथं येऊन ती टेकली. पुढं बसलेला एक म्हातारा मोठ्यानं हुंदका देऊन रडला. मला वाटलं, हे मला माहीत होतं. झोपेत मी हे कितीदा ऐकलंय.

शांतव्वानं हात पुढं केला आणि नागप्पामामांच्या गुडघ्यावर ठेवला.

“साकु, नागू, पुरे,” ती म्हणाली. “झालं रं. सोड आता.”

बायका एकेक करून गप्प झाल्या. माझा सूर चालूच होता. तो कधी सोडायचा ते मला कळत नव्हतं आणि माझा मला सोडवतही नव्हता. शांतव्वा तशीच बसून होती, माझ्याकडं न बघता. मग तिनं दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.